जुनी मृत्यूनोंद काढायला निघण्याआधी

कुठल्याही कचेरीत ‘नोंद नाही’ असं उत्तर मिळालं तर ते लेखी घ्यायचं. हे सगळ्यात आधी सांगतो, बाकीचं नंतर. ‘नाही सापडत हो’ एवढं ऐकून गाडीला किक मारून परत यायचं नाही. मी तसा आलो होतो. पुढे आजोबांची नोंद उशिराने करून घ्यायला गेलो तर पहिलाच कागद मागितला तो अनुपलब्धता दाखला, म्हणजे ‘नोंद नाही’ असं कचेरीने लिहून दिलेला कागद. ज्यांनी माझ्यासमोर वह्या चाळल्या ते ग्रामसेवक तोवर बदलून गेले होते. नवीन आलेले म्हणाले, तुमचा अर्ज दाखवा. मी अर्ज दिलेलाच नव्हता, मग दाखवणार काय?

आधारकार्ड, रेशनकार्ड, नातं दाखवणारा एखादा कागद, ते तुम्ही न्यालच. अडतं ते माहितीपाशी. ती घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे असते, तेव्हा आधी त्यांच्याजवळ बसा आणि वहीत लिहून घ्या.

नाव कागदावरचं विचारा. ज्यांना सगळा गाव आप्पा म्हणायचा ते दप्तरात आप्पा नसतात. आडनावावर तर विसंबूच नका. जुन्या वह्यांत ‘गणू बिन राणू’ एवढंच असतं, म्हणजे राणूचा मुलगा गणू. बाईची नोंद ‘सखू कोम गणू’, म्हणजे गणूची बायको सखू. काही ठिकाणी तर बाईचं नावच नाही, नुसतं ‘अमक्याची बायको’. तान्ही मुलं असली तर ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, संपलं.

तारीख कुणालाच आठवत नाही, तिथी आठवते. इथे फसायला होतं. पितृपक्षात ज्या तिथीला पान वाढतात ती मृत्यूची तिथी असते हे खरं, पण त्यावरून महिना आणि पक्ष कळत नाही. आणि आजीचं श्राद्ध नवमीला होतं म्हणून ती नवमीला गेली असं धरू नका. सवाष्ण गेली असेल तर अविधवा नवमीलाच घालतात. अपघाती गेलेल्यांची चतुर्दशी, तिथीच माहीत नसलेल्यांची सर्वपित्री. म्हणून वर्षश्राद्ध कुठल्या महिन्यात व्हायचं ते विचारा. शक सांगितला तर त्यात 78 मिळवा, जानेवारीपासून पाडव्यापर्यंतचा काळ असेल तर 79. शके 1886 चा कार्तिक म्हणजे 1964 चा नोव्हेंबर-डिसेंबर. मराठवाड्यात निजामाच्या काळातला फसली सन आला तर साधारण 590 मिळवा. काहीच जमलं नाही तर ‘दुष्काळाच्या आधी की नंतर’, ‘धाकटीचं लग्न झालं होतं का’ असं विचारत पाच-सहा वर्षांच्या पट्ट्यापर्यंत या. त्याहून मोठा पट्टा घेऊन गेलात तर कुणी वही उघडणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही.

तारखेसाठी एक हुकमी जागा आहे, ती लोक विसरतात: फेरफार, म्हणजे जमिनीच्या खात्यातल्या बदलांची नोंद. आजोबांच्या नावावर गुंठाभर जरी जमीन असली तर वारसांची नावं लागताना फेरफाराच्या नोंदीत ‘खातेदार अमुक तारखेस मयत’ असं बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक वर्तुळात असतात, त्यावरून मागे मागे जायचं. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन होऊन भूमी अभिलेखच्या संकेतस्थळावर आले आहेत, घरबसल्या बघता येतात. अस्थी नाशिकला किंवा त्र्यंबकला नेल्या असतील तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत कोण, कुणाच्या अस्थी घेऊन, कधी आलं ते सापडू शकतं. त्या चोपड्या गाव आणि आडनावावर लावलेल्या असतात. तो काही सरकारी दाखला नाही, पण शोधाचा पट्टा पाच वर्षांवरून एका महिन्यावर येतो.

आता ठिकाण. नोंद राहत्या गावात नसते, मृत्यू जिथे झाला तिथे असते. तालुक्याच्या दवाखान्यात गेले असतील तर नोंद त्या नगरपालिकेत. मुंबईला मुलाकडे गेले असतील तर महापालिकेच्या त्या वॉर्डात. पहिल्या बाळंतपणात गेलेली सून माहेरच्या गावच्या वहीत. गावच्या ग्रामपंचायतीत महिनाभर शोधून काहीच न मिळण्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. तरीही गावातून ‘आमच्याकडे नोंद नाही’ हे लेखी घ्याच, पुढे लागतं.

गाव तेव्हा कुठल्या तालुक्यात, कुठल्या जिल्ह्यात होतं तेही तपासा. रायगड म्हणजे 1981 पर्यंत कुलाबा. सिंधुदुर्ग रत्नागिरीतून निघाला, जालना औरंगाबादेतून, दोन्ही त्याच वर्षी. लातूर 1982 पर्यंत उस्मानाबादेत, हिंगोली 1999 पर्यंत परभणीत, पालघर 2014 पर्यंत ठाण्यात. सगळं दप्तर नव्या जिल्ह्यात गेलंच असेल असं नाही. गावपातळीवरही तेच, आज स्वतंत्र असलेली ग्रामपंचायत तेव्हा शेजारच्या गावाबरोबर गट ग्रामपंचायत असेल तर जुनी वही शेजारच्या गावाच्या कपाटात असते.

मग वर्ष. 1969 चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा 1970 पासून लागू झाला. त्यानंतरच्या नोंदी ग्रामपंचायतीत विचारायच्या. तिथे नसतील तर जुन्या वह्या पंचायत समितीत गेल्या का ते. त्याआधीच्या तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात, गाव नमुना नंबर 14, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची जुनी वही, लोक जिला कोतवाल बुक म्हणतात ती. ऑनलाइन पोर्टलवर हे जुनं काही शोधत बसू नका. अपवाद एक: 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधताना अनेक जिल्ह्यांनी नमुना 14 ची पानं स्कॅन करून आपल्या संकेतस्थळांवर टाकली. तुमचं गाव त्यात असेल तर नशीब. पण ती शोधमोहीम जातीच्या नोंदींची होती, त्यामुळे त्यात नाव नाही याचा अर्थ वहीत नाही असा होत नाही.

अभिलेख कक्षात जाताना रुमाल न्या, तोंडाला बांधायला. गठ्ठे लाल फडक्यात, पानं कडेने वाळवीने खाल्लेली, उलटताना तुकडा हातात येतो, म्हणून स्वतः उलटू नका, तिथल्या माणसाला उलटू द्या. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘ताप’, ‘ताप’, ‘ताप’, मध्येच ‘पटकी’, ‘देवी’. 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या दिवसांतही लिहिणाऱ्यासाठी तो तापच होता. जुनी पानं मोडीत असू शकतात, मराठवाड्यात उर्दूत. ‘मला थोडी मोडी येते’ म्हणणारा चुलतभाऊ नको, सराव असलेला वाचक न्या. मोडीत नावं चुकीची वाचणं फार सोपं आहे. नेमकी तारीख माहीत असली तरी पुढचे दोन-तीन महिने बघा, नोंद मृत्यूच्या दिवशीच झाली असं नसतं. डिसेंबरचा मृत्यू पुढच्या सालाच्या वहीत निघतो.

आता अर्ज. दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर पोच घ्या: शिक्का, तारीख, सही. अर्जात नावाचे सगळे पर्याय, गाव, ‘या सालापासून या सालापर्यंत’ आणि शेवटी हे वाक्य: ‘नोंद आढळल्यास नोंदवहीच्या पानाची प्रमाणित प्रत व दाखला द्यावा, न आढळल्यास तसा अनुपलब्धता दाखला द्यावा.’ हे वाक्य गाळू नका. ते असलं की दोनपैकी एक कागद द्यावाच लागतो. अनुपलब्धतेचा दाखला ठरलेल्या नमुन्यात, नमुना 10 मध्ये मिळतो. त्यावर कुठल्या सालांच्या वह्या तपासल्या ते नीट लिहिलंय का बघा. एकाच सालाचा दाखला आणि मृत्यू त्याच्या अलीकडचा निघाला तर पुन्हा पहिल्यापासून. वह्या जळाल्या, पुरात गेल्या, उंदरांनी खाल्ल्या असं सांगितलं तर तेही लेखी. साहेब रजेवर आहेत म्हणाले तरी पोच घेता येते. टोलवाटोलवी चालली तर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात तेच मागा, तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. नाराज होतील, होऊ द्या.

नोंद सापडली तर नुसत्या दाखल्यावर खूश होऊ नका, पानाची प्रमाणित प्रत मागा. जुन्या पानावर जात, वय, खबर देणाऱ्याचं नाव असतं, ते दाखल्यात उतरत नाही, आणि जात पडताळणीला लागतं ते पान. मृत्यूचं कारण मात्र दाखल्यात येत नाही, कायद्यानेच, त्यावर वाद घालू नका. खिडकी सोडण्याआधी स्पेलिंग बघा. चूक असली तर कलम 15 खाली दुरुस्तीचा अर्ज, तो वेगळा ताप.

कुठेच नाही सापडलं तर उशिराची नोंद. एक वर्ष उलटलेलं असलं की पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागायचा. 1 ऑक्टोबर 2023 पासून जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी. बनावट दाखल्यांच्या तक्रारींनंतर 2025 मध्ये राज्याने हे प्रकरण कडक केलंय, त्यामुळे नुसत्या प्रतिज्ञापत्रावर काम होईल असं सांगणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. फेरफार, दवाखान्याचे कागद, स्मशानाची पावती, पोलीस पाटलांचा दाखला, जे असेल ते जोडा. आणि सगळ्यात वर काय, ते आता सांगायला नको. मिळेल त्या प्रत्येक कचेरीचा. लेखी.

दाखला परदेशात लागणार असेल तर अपोस्टिल, म्हणजे तिकडे कागद चालावा म्हणून परराष्ट्र मंत्रालयाकडून होणारं साक्षांकन, त्याआधी राज्याकडून साक्षांकन, वेळ ठेवून करा. प्रती जास्त घ्या. आणि कृपा करून दाखला लॅमिनेट करू नका, साक्षांकनाचा शिक्का कागदावर बसावा लागतो, प्लास्टिकवर नाही.