जुन्या टोटल स्टेशनला बाहेरची बॅटरी जोडताय? या चुका टाळा

टोटल स्टेशन म्हणजे जमीन मोजणीत कोन आणि अंतर घेणारं यंत्र. जुनं यंत्र ठणठणीत असतं, त्याच्या निकेल बॅटरीचा पॅक मात्र तासाभरात मान टाकतो. मग यूपीएसमधली १२ व्होल्टची, ७ अँपिअर-तासांची बॅटरी आणायची. इथवर ठीक. पुढे तेच ते घोळ.

सगळ्यात महाग घोळ म्हणजे वीज कुठून आत जाते हे न बघणं. लायका कंपनीच्या टीपीएस ४०० टोटल स्टेशनमध्ये आतली बॅटरी ६ व्होल्टची, पण बाहेरच्या पाच पिनांच्या सॉकेटला ११.५ ते १४ व्होल्ट लागतात. म्हणजे १२ व्होल्ट सॉकेटमधून चालतील, बॅटरीच्या खणातून नाही. दुसऱ्या एखाद्या यंत्राचा पॅक ७.२ व्होल्टचा असेल तर खणातून तेवढेच द्यायचे.

एका कालव्याच्या कामावर मदतनीस पोरानं मेलेल्या पॅकमधले सेल काढले, त्याच खोक्यातून दोन वायरी ओढल्या आणि थेट मोटरसायकलच्या बॅटरीला लावल्या. डिस्प्ले लागला. "बघा सर, चालतंय!" पहिलं अंतर घ्यायला बटण दाबलं आणि करपल्याचा वास आला. बोर्ड बदलायचा जो आकडा दुरुस्तीवाल्यानं सांगितला, त्यात दुसरं जुनं यंत्र आलं असतं. डिस्प्ले लागला म्हणजे व्होल्टेज बरोबर, हे या पोरांना कोण शिकवतं देव जाणे. पाच मिनिटं मल्टिमीटर धरायला यांना वेळ नसतो.

व्होल्टेज उतरवायला एलएम२५९६ चं स्वस्त मॉड्यूल चालतं, पण पाकिटातून काढून थेट यंत्राला लावू नका. त्याचा व्होल्टेज ठरवणारा स्क्रू कुठे फिरवून ठेवलाय याचा भरवसा नसतो. मी आधी नुसतं मोजतो, मग गाडीच्या इंडिकेटरचा बल्ब लावून भारावर मोजतो आणि स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाकतो. जीपच्या खडखडाटात स्क्रू सरकू नये म्हणून.

कोन व्यवस्थित दिसतात, पण अंतर घेताना यंत्र बंद पडतं? लोक नवी बॅटरी घेतात, दोष बहुधा वायरीत असतो. ०.२ चौरस मिलिमीटरची पाच मीटर वायर म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर तांबं. १ अँपिअरला जवळजवळ ०.९ व्होल्ट वाटेतच जातात. मी १ चौरस मिलिमीटरची वायर घेतो, दोन मीटरच्या आत.

फ्यूज बॅटरीच्या टोकाशीच हवा, यंत्राशी नाही. मगरचिमटे शेतात निसटतात आणि घाईत उलटे लागतात. उलटा लागूच शकणार नाही असा प्लग सोल्डर करा. पॉवर बँक नको, यंत्र जरा निवांत असलं की ती आपोआप बंद होते.

खणातून निघालेली वायर यंत्राबरोबर फिरते आणि ताणली की आडवा कोन बिघडवते. वायरीला ढील द्या, बॅकसाइट, म्हणजे मागच्या ठरलेल्या खुणेवरचं वाचन, अधूनमधून तपासा.

आणि चार्जिंगला लावलेल्या बॅटरीवर यंत्र चालवू नका. चार्जर १४.४ व्होल्टपर्यंत जातो, लायकाची मर्यादा १४ आहे. इंजिन चालू असलेल्या जीपची बॅटरीही त्याच हिशेबात धरा.