एसी ३ स्टार घ्यावा की ५ स्टार : लेबलवरून हिशेब

दुकानात ३ आणि ५ स्टार एसीच्या किमतींत बराच फरक दिसतो. तो वीजबिलातून किती वर्षांत भरून निघेल, हे विक्रेता क्वचितच सांगतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या लेबलवर वर्षाची युनिट छापलेली असतात, पण ती १,६०० तासांचा वापर धरून काढलेली असतात, ही बाब सहज नजरेतून सुटते.

१. सारख्याच टनाच्या दोन एसींच्या लेबलांवरील युनिटची वजाबाकी करावी. समजा, फरक २०० युनिटचा आला.

२. आपल्या घरातील वापराचे तास मोजावेत. उन्हाळ्याचे ९० दिवस रोज ८ तास म्हणजे ७२० तास. त्यामुळे खरी बचत २०० नव्हे, तर ९० युनिटची होईल.

३. या युनिटना बिलातील सर्वांत वरच्या टप्प्याचा दर लावावा, कारण एसीची वीज नेहमीच्या वापरावर चढते. त्या दरात वहन आकार आणि वीज शुल्कही धरावे.

दर १० रुपये धरल्यास वर्षाला ९०० रुपये वाचतात, म्हणजे ९,००० रुपयांचा जादा खर्च निघायला १० वर्षे लागतील. घरूनच काम करणाऱ्या आणि वर्षाला २,००० तास एसी चालवणाऱ्या कुटुंबाला मात्र तोच खर्च ४ वर्षांच्या आत परत मिळतो.

स्टारचे निकष काही वर्षांनी कडक होतात. म्हणून दोन्ही लेबलांवरील वैधतेचा कालावधी एकच आहे, याची आधी खात्री करावी. सवलतीत मिळणारा जुना ५ स्टार एसी नव्या निकषांनुसार ४ स्टारचाही ठरू शकतो.