घरच्या वजनकाट्यावर घनता कशी काढावी

खलबत्त्यातला बत्ता पिवळा दिसतो म्हणून तो आतपर्यंत पितळेचाच असेल, असे नाही. लोखंडावर नुसता मुलामा असेल तर लोहचुंबक ते लगेच सांगतो. पण आत चुंबकाला न चिकटणारा दुसरा धातू असेल किंवा ओतताना पोकळी राहिली असेल, तर न कापता ते ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे घनता काढणे. सूत्र शाळेतलेच आहे: वस्तुमानाला आकारमानाने भागावे. वस्तुमान ग्रॅममध्ये आणि आकारमान घनसेंटिमीटरमध्ये घेतले, तर पाण्याची घनता १ येते. हेच उत्तर किलोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये हवे असल्यास १००० ने गुणावे. एक घनसेंटिमीटर म्हणजेच एक मिलिलिटर, एवढे ध्यानात ठेवले की पुढचा हिशोब अडत नाही.

वजन करणे सोपे असते. उत्तर बिघडते ते आकारमानात. समजा, बत्त्याचे वजन ६४२ ग्रॅम भरले. मोजपेल्यात पाणी घेऊन त्यात बत्ता बुडवला आणि पाण्याची पातळी सुमारे ७६ मिलिलिटरने वर चढली. पेल्यावरच्या रेघा दहा-दहा मिलिलिटरच्या असतील, तर डोळ्यांनी वाचताना पाच मिलिलिटर इकडे-तिकडे सहज होतात. खरे आकारमान ७१ असेल तर घनता ९.०४ येते आणि ८१ असेल तर ७.९३. तांब्याची घनता ८.९६ आणि स्टेनलेस स्टीलची ७.९ च्या आसपास असते. म्हणजे एवढा खटाटोप करूनही वस्तू तांब्याची, पितळेची की स्टीलची, हे ठरत नाही.

म्हणून आकारमानही वजनकाट्यावरच मोजावे. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत वाचणारा डिजिटल काटा त्यासाठी पुरतो. काट्यावर बत्ता पूर्ण बुडेल एवढे खोल पाण्याचे भांडे ठेवावे आणि ‘टेअर’चे बटण दाबून आकडा शून्यावर आणावा. बत्त्याला बारीक पण मजबूत दोरा बांधून तो वरच्या कडीला किंवा खुंटीला अडकवावा आणि बत्ता पाण्यात पूर्ण बुडेल, मात्र तळाला किंवा कडेला टेकणार नाही, अशा बेताने सोडावा. दोरा हातात धरला तर आकडा थरथरत राहतो. पृष्ठभागाला चिकटलेले बुडबुडे काडीने झटकावेत आणि आकडा स्थिरावल्यावर वाचावा. तो ७६ आला, तर आकारमान ७६ घनसेंटिमीटर आणि घनता ६४२ भागिले ७६, म्हणजे सुमारे ८.४५. काट्याची चूक अर्धा ग्रॅम धरली तरी उत्तर ८.३९ ते ८.५० या पट्ट्यातच राहते. पितळेची घनता त्यातल्या जस्ताच्या प्रमाणानुसार साधारण ८.४ ते ८.७ असते. पितळ ठरण्यास तेवढे पुरे. हीच घनता ७.६ आली असती, तर पोकळीची किंवा दुसऱ्या हलक्या धातूची शंका घ्यावी लागली असती.

काट्याला वजनाऐवजी आकारमान कसे कळते, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. बुडालेल्या वस्तूला पाणी वर ढकलते आणि त्या बलाचे माप वस्तूने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाएवढे असते. हे आर्किमिडीजचे तत्त्व. वस्तूही पाण्याला तेवढ्याच बलाने खाली ढकलते आणि काटा नेमके तेच दाखवतो. बत्त्याचे उरलेले वजन दोऱ्याने पेललेले असते. म्हणून वस्तू तळाला टेकली की सगळा हिशोब चुकतो. पाण्याची घनता ४ अंश सेल्सिअसला १ असते आणि ३० अंशांना ०.९९६ होते. हा फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी असल्यामुळे घरगुती कामात तो सोडून द्यावा.

तरंगणारी वस्तू, म्हणजे मेणबत्तीचा किंवा लाकडाचा तुकडा, दोऱ्याऐवजी बारीक सुईने दाबून पूर्ण पाण्याखाली धरावी आणि आकडा तसाच वाचावा. लाकूड पाणी शोषते, तेव्हा हे काम झटपट उरकावे.

द्रवासाठी घट्ट झाकणाची एक रुंद तोंडाची बाटली पुरते. रिकामी बाटली ३८ ग्रॅम आणि पाण्याने काठोकाठ भरल्यावर २९० ग्रॅम भरली, तर तिच्यात २५२ मिलिलिटर मावतात. तीच बाटली कोरडी करून शेंगदाणा तेलाने तशीच काठोकाठ भरल्यावर २६९ ग्रॅम भरली, तर तेल २३१ ग्रॅम आणि घनता २३१ भागिले २५२, म्हणजे ०.९१७. एक लिटर तेलाच्या पिशवीवर ९१० ग्रॅमच्या आसपासचा आकडा का छापलेला असतो, ते यावरून कळेल. तेल तापले की त्याचे आकारमान वाढते, वस्तुमान तेवढेच राहते.

धान्याच्या बाबतीत मात्र ‘घनता किती?’ हा प्रश्नच अपुरा आहे. पायली, मापटे, चिपटे ही जुनी मापे आकारमानाची होती, आणि माप सपाट भरले की शिगोशीग, सैल की ठोकून, यावर देणाऱ्याघेणाऱ्यांची हुज्जत चालत असे. पाण्याने तपासल्यावर २०० मिलिलिटर भरणाऱ्या वाटीत १६८ ग्रॅम तांदूळ सपाट बसला, तर त्याची घनता ०.८४ येते. मग तांदूळ पाण्यात बुडतो कसा? कारण या आकड्यात दाण्यांमधली हवाही धरलेली आहे. दाण्याची स्वतःची घनता काढण्यासाठी वरच्याच बाटलीत १०० ग्रॅम तांदूळ घालून उरलेली जागा पाण्याने काठोकाठ भरावी आणि बुडबुडे जाईपर्यंत बाटली हलवावी. वजन ३२१ ग्रॅम भरले, तर बाहेर राहिलेले पाणी २९० अधिक १०० वजा ३२१, म्हणजे ६९ ग्रॅम, आणि दाण्याची घनता १०० भागिले ६९, म्हणजे सुमारे १.४५. याचा अर्थ, वाटीतली जवळजवळ ४२ टक्के जागा हवेची होती. पाककृतीत ‘एक वाटी रवा’ असे लिहिले की पदार्थ घरोघरी वेगळा का होतो, याचे एक कारण तिथेच आहे.

सोन्यावर ही रीत वापरण्याचा मोह होतो. १० ग्रॅमच्या २२ कॅरेट साखळीचे आकारमान जेमतेम ०.५६ घनसेंटिमीटर असते, त्यामुळे एक ग्रॅमचा काटा तिथे निरुपयोगी ठरतो, ०.०१ ग्रॅम वाचणारा काटाच लागतो. तेवढे करूनही निर्वाळा मिळत नाही, कारण शुद्ध सोन्याची घनता १९.३, तर टंगस्टन या दुसऱ्याच धातूची १९.२५ आहे.

दुधाचेही तसेच. लॅक्टोमीटर दुधाची घनताच दाखवतो. त्याचा आकडा २८ असेल तर घनता १.०२८. पाणी घातले की आकडा उतरतो, पण साय पाण्याहून हलकी असल्यामुळे ती काढून घेतली की तो चढतो. साय काढून बेताने पाणी घातलेले दूध त्यामुळे लॅक्टोमीटरवर चोख ठरू शकते. म्हणून संकलन केंद्रावर फॅट वेगळे मोजतात आणि लॅक्टोमीटरचा आकडा त्याला जोडून एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधात उरणारे घन पदार्थ, काढतात.