झेब्राफिशच्या गर्भात कॅडमियमचा ताण कसा मोजावा

कॅडमियम या विषारी धातूमुळे पेशीतल्या प्रथिनांच्या घड्या बिघडल्या की त्या सावरायला एचएसपी ७० हे प्रथिन वाढतं. वेस्टर्न ब्लॉटवर (जेलवर प्रथिनं वेगळी करून हवं ते अँटिबॉडीने ओळखायची पद्धत) ते पट्ट्याच्या रूपात सहज दिसतं. पट्टा कॅडमियमने गडद झाला की आपल्या हाताळणीने, हे ओळखणं मात्र अवघड, कारण नुसत्या उष्णतेनेही तो गडद होतो.

म्हणून अंडी सतत २८.५ अंश सेल्सियसला ठेवा आणि बदलायचं पाणीही आधी त्याच तापमानाला आणा. ई३ माध्यमात, म्हणजे गर्भ ज्यात वाढवतात त्या क्षारांच्या पाण्यात (सोडियम क्लोराइड ५ मिलिमोलर, पोटॅशियम क्लोराइड ०.१७, कॅल्शियम क्लोराइड व मॅग्नेशियम सल्फेट प्रत्येकी ०.३३) मिथिलीन ब्लू (बुरशी रोखणारा रंग) घालू नका. ईडीटीए तर नकोच, ते कॅडमियमला बांधून ठेवतं. कॅल्शियमही कॅडमियमच्या शोषणाला आडवं येतं, तेव्हा सगळ्या गटांना एकाच घाण्यातलं माध्यम द्या.

आधी मरतुकीची चाचणी घ्या. जिथे मरतूक नियंत्रण गटाइतकीच (कॅडमियम न दिलेल्या गटाइतकीच) राहते, ती मात्रा आणि तिच्याखालच्या दोन निवडा. मरणाऱ्या गर्भातल्या प्रथिनांवरून काहीच सिद्ध होत नाही.

फलनानंतर ४८ तासांना ट्रायकेनने भूल देऊन चिमट्याने कवच काढा. आता खरी मेहनत: बलक काढणं. तो राहिला तर विटेलोजेनिनपासून (बलकाच्या मूळ प्रथिनापासून) आलेली प्रथिनं जेलवर फुगून बसतात आणि मोजलेलं प्रथिन बहुतेक बलकाचंच निघतं. ३० गर्भ १.५ मिलिच्या नळीत घ्या, त्यावर १ मिलि थंडगार, कॅल्शियम नसलेलं द्रावण घाला (सोडियम क्लोराइड ५५ मिलिमोलर, पोटॅशियम क्लोराइड १.८, सोडियम बायकार्बोनेट १.२५) आणि २०० मायक्रोलिटरच्या टिपमधून हलकेच वरखाली ओढा. द्रावण दुधाळ झालं की बलक फुटला. सेंट्रिफ्यूजमध्ये ३०० जीला (गुरुत्वाच्या ३०० पट) ३० सेकंद फिरवा, वरचं ओता, एकदा धुवा. जोर लावलात तर गर्भच फाटतो आणि हवी ती प्रथिनंही ओतली जातात.

गर्भ एसडीएस (प्रथिनं विरघळवणारा डिटर्जंट) असलेल्या बफरमध्ये विरघळवून प्रथिन बीसीए या रंगचाचणीने मोजा. एसडीएस असताना ब्रॅडफर्ड ही दुसरी रंगचाचणी चुकीचा आकडा देतं. जेलच्या प्रत्येक रकान्यात २० मायक्रोग्रॅम पुरे. अँटिबॉडी एचएससी ७० या एचएसपी ७० च्या जवळच्या प्रथिनालाही चिकटणारी नको. ते प्रथिन कायमच असतं, त्याच्या गडद पट्ट्यात वाढ लपते. एका गटाला ३७ अंशांवर तासभर ठेवा, पट्टा निदान तिथे तरी यायलाच हवा. नियंत्रण गटात फिका पट्टा दिसला तर दचकू नका. वाढत्या डोळ्याच्या भिंगात एचएसपी ७० एरवीही बनतं.

आणि एकाच दिवशीच्या अंड्यांच्या तीन नळ्या म्हणजे तीन पुनरावृत्ती नव्हेत. तीन वेगळ्या दिवसांची, वेगळ्या जोड्यांची अंडी घ्या.