पुण्यात गेम बार काढताय? मग या चुका टाळा

माझ्या मित्राने बाणेरला गेम बार, म्हणजे बसून पत्ते, कॅरम, बोर्ड गेम खेळता येतील असा बार, काढायचं ठरवलं तेव्हा त्याने गेम्सची यादी दाखवली, आणि त्यात सगळे दोन-दोन तास चालणारे स्ट्रॅटेजी गेम, का तर त्याच्या ग्रुपला तेच आवडतात. सगळ्यात मोठी चूक हीच. ऑफिस सुटल्यावर हिंजवडीवरून ट्रॅफिक झेलत आलेल्या माणसाला वीस पानी नियम वाचायचे नसतात हो, त्याला बसल्याबसल्या दोन मिनिटांत खेळ सुरू करायचा असतो. कॅरम, लुडो, नवा व्यापार, जेंगा हे पुढच्या टेबलांवर ठेवा आणि अवघड गेम्स मागच्या कपाटात. मेंढीकोट, झब्बू, बदाम सात तर आपल्याकडे मे महिन्याच्या सुट्टीत सगळेच शिकलेत, काका-काकूपण येऊन बसतील. फक्त पत्त्यांवर पैसे लागू देऊ नका, अगदी दहा रुपयेसुद्धा नाही, १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे.

कॅरमवरून आठवलं, बोर्डाच्या कडेवर ग्लास ठेवू देऊ नका. थंड बिअरच्या ग्लासचं पाणी प्लायमध्ये मुरलं की बोर्ड फुगतो, मग कितीही पावडर टाका, सोंगटी अडकतेच. शेजारी छोटं स्टूल द्या. पावडर बोरिक असते त्यामुळे खाण्याचं टेबल लांबच हवं. आणि वरून चांगला लाईट पाहिजे, बारचा अंधार कॅरमला चालत नाही.

डार्ट्सला नियमाने फेकणाऱ्याच्या रेषेपासून बोर्डापर्यंत २.३७ मीटर अंतर लागतं, पण बोर्ड टॉयलेटच्या वाटेवर लावला तर कुणाच्या तरी डोळ्यावर बेतेल.

सोंगट्या, पत्ते हरवतात का? प्रत्येक डबा पूर्ण असताना किचनच्या काट्यावर वजन करून झाकणावर लिहून ठेवा, परत आला की पुन्हा वजन, मोजत बसायला नको. तेलकट भजी, चिकन लॉलीपॉप दिलं तर पत्ते दोन आठवड्यांत चिकट होतात, त्यामुळे टूथपिकने खाता येईल असं द्या.

म्युझिक एवढं मोठं लावतात की समोरच्याने काय डाव टाकला तेच ऐकू येत नाही, मग लोक खेळ सोडून मोबाईल काढतात. आवाज कमी ठेवा ना, खेळणाऱ्यांचा आरडाओरडा पुरेसा आहे.

वयाबद्दल अजिबात ढिलाई नको. महाराष्ट्रात बिअर-वाईनला २१ आणि हार्ड ड्रिंकला २५ वर्षं पूर्ण लागतात, आणि मे २०२४ च्या कल्याणीनगर अपघातानंतर (पबमध्ये दारू प्यायलेल्या अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोघांचा जीव घेतला, तो) तर पुण्यात हा विषय किती गंभीर आहे हे वेगळं सांगायला नको. दारातच आयडी बघा, चेहऱ्यावरून अंदाज नको. न पिणाऱ्यांसाठी कोकम सरबत, लिंबू सोडा मनापासून चांगला बनवा, चौघांच्या ग्रुपमध्ये एखादा न पिणारा असतोच आणि कुठे जायचं ते बऱ्याचदा तोच ठरवतो, कारण गाडी त्यालाच चालवायची असते.

आणि जागेचं डिपॉझिट भरायच्या आधी राज्य उत्पादन शुल्कच्या ऑफिसात जाऊन या. शाळा किंवा देऊळ जवळ असेल तर दारूचा परवाना तिथेच अडतो, आणि तोपर्यंत तुम्ही फर्निचरची ऑर्डर देऊन बसलेले असता.