दोन मिररलेस कॅमेऱ्यांमधून एक निवडताय? निदान या चुका तरी टाळा

दिवाळी जवळ आली की माझ्या फोनवर वेगवेगळ्या नंबरांवरून एकच प्रश्न येतो: "दादा, आर५० घेऊ की झेड३०?" पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: "जास्त नको, एका शब्दात सांगा." एका शब्दात सांगायचं तर "थांबा" एवढंच सांगता येईल. पण थांबायची तयारी कुणाची नसते, कारण सेल रविवारी संपणार असतो. शिवाय आमच्या नाशिकचा २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, त्यामुळे हल्ली प्रत्येकाला "कुंभ शूट करायचाय."

कॅनन आर५०, निकॉन झेड३०, सोनी झेडव्ही-ई१०, तिन्ही कॅमेरे चांगले आहेत. यातला वाईट कुठला ते शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. गडबड होते ती दोन कॅमेरे शेजारी ठेवून बघण्याच्या पद्धतीत, आणि तीच ती गडबड मी वर्षानुवर्षं बघतोय.

काउंटरवरचे दोन फोटो

एमजी रोडवर जायचं, काउंटरवरचे दोन डेमो पीस उचलायचे, समोरच्या सेल्समनचा दोन्हींतून एकेक फोटो काढायचा आणि मागच्या स्क्रीनवर बघून "याचा कलर भारी आहे" म्हणत पैसे मोजायचे. या प्रकाराचा मला मनस्वी कंटाळा आलाय.

सातपूरला कंपनीत नोकरी करून शनिवार-रविवार लग्नाच्या ऑर्डरी घेणारा एक मुलगा माझ्या ओळखीचा आहे. त्याने असंच केलं आणि दुकानातूनच मला स्क्रीनचे मोबाइलने काढलेले फोटो पाठवले. "बघा ना दादा, पहिल्याचा फोटो काळपट येतो, आणि निळसर पण. दुसऱ्याचा कसा उजळ आहे!" मी विचारलं, दोन्हींची सेटिंग सारखी केलीस का? "ऑटोवरच आहेत की." ते ऑटोवर नव्हते. संध्याकाळी त्याच्यासोबत पुन्हा दुकानात गेलो. पहिल्या कॅमेऱ्यात एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा काळपट करायची सेटिंग) उणे एकवर होतं आणि व्हाइट बॅलन्स (दिव्याच्या प्रकाशाप्रमाणे रंग जुळवायची सेटिंग) बल्बच्या चिन्हावर. पांढऱ्या एलईडीखाली बल्बचं व्हाइट बॅलन्स लावलं की सगळं निळं दिसणारच. डेमो पीस म्हणजे एसटी स्टँडवरचा नळ, येणारा-जाणारा पिळून जातो. दोन्ही कॅमेरे मेनूतून रीसेट केले, पुन्हा फोटो काढले, तर कुठला कुठल्याचा ते त्यालाही ओळखता येईना.

पण तोवर त्याने दुसऱ्याचा ॲडव्हान्स भरला होता आणि दुकानदार तो परत द्यायला तयार नव्हता. यातली खरी रडकथा पुढे आहे. ज्या कंपनीचा कॅमेरा त्याने नाकारला, तिच्याच चार चांगल्या लेन्स त्याच्या दाजींकडे कपाटात पडून आहेत. अडॅप्टर लावून त्या मस्त चालल्या असत्या. आता दाजींच्या लेन्स कपाटात आणि हा ईएमआयवर.

दोन्ही कॅमेरे खरोखरच ऑटोवर असले तरी हा खेळ फसवाच आहे, कारण तुम्ही बॉडीबरोबर, म्हणजे नुसत्या कॅमेऱ्याबरोबर, सोबत मिळणाऱ्या किट लेन्सचीही तुलना करत असता. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं. आर५० सोबत येणारी १८-४५ मिमीची लेन्स १८ला एफ/४.५ने सुरू होते. झेड३० सोबतची १६-५० ही १६ला एफ/३.५ने. म्हणजे निकॉनची लेन्स पूर्ण उघडल्यावर दीडपटीहून जास्त प्रकाश घेते. कॅननला आयएसओ (प्रकाश कमी असताना फोटो उजळवणारी सेटिंग) चढवावा लागतो, दाणे जास्त दिसतात आणि तुम्ही म्हणता, "कॅननचा सेन्सर कमी पडतो." सेन्सर बिचारा कशातच नसतो. त्यातून कॅननचा क्रॉप, म्हणजे मोठ्या फुल फ्रेम सेन्सरपेक्षा तो किती पट लहान ते, १.६ आणि निकॉन-सोनीचा १.५. त्यामुळे फुल फ्रेमच्या हिशेबात कॅननचं किट साधारण २९ मिमीपासून सुरू होतं आणि बाकी दोघांचं २४पासून. आकडा लहान, तितकं फ्रेममध्ये जास्त मावतं. पंचवटीतल्या जुन्या वाड्याच्या खोलीत अख्खं कुटुंब फ्रेममध्ये बसवायचं असेल तर हा फरक मेगापिक्सेलपेक्षा कितीतरी मोठा आहे.

माझी पद्धत सांगतो. शास्त्रीय वगैरे काही नाही, सवय आहे. खिशात माझं स्वतःचं कार्ड आणि चिवड्याचं एक पाकीट. पाकिटावर भडक लाल रंग असतो, चमक असते आणि मागे मुंगीएवढी अक्षरं असतात. दोन्ही कॅमेरे रीसेट करायचे, मग एम मोडवर (जिथे सगळं हाताने ठरवतात) एफ/६.३, १/१०० सेकंद, आयएसओ ३२००, व्हाइट बॅलन्स दोन्हींत एकच. कॅनन ४५वर आणि निकॉन ४८च्या आसपास ठेवला की फ्रेम जवळपास सारखी येते. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) आणि जेपेग दोन्ही घ्यायचे, एक फोटो दुकानातल्या माणसाच्या चेहऱ्याचाही. मग दुकानात काही न ठरवता घरी यायचं आणि एकाच कॉम्प्युटरवर बघायचं. दुकानातला स्क्रीन प्रत्येक कंपनी आपापल्या मर्जीने उजळ ठेवते, त्यावर काय विश्वास ठेवणार? सेल्समन तोंड वाकडं करतो. करू दे.

कागदावरचे आकडे

माहितीपत्रक वाचून आलेले लोक तर आणखी अवघड. "झेड३० हलका आहे, ३५० ग्रॅम, आर५० ३७५ ग्रॅम." ३५० हे नुसत्या बॉडीचं वजन आहे आणि ३७५ हे बॅटरी-कार्डासकट. झेड३०मध्ये बॅटरी-कार्ड घातलं की तो ४०५ ग्रॅम होतो, आणि आर५०मधून ते काढलं की तो ३२८ उरतो. म्हणजे उत्तर नेमकं उलटं. वेबसाइटवर दोन कॅमेरे शेजारी लावून हिरवी बरोबरची खूण दाखवणारी जी पानं असतात, तिथून बहुतेक हाच घोळ उचललेला असतो. तळाशी एकाला शंभरपैकी ८१ आणि दुसऱ्याला ७८ गुण. हे तीन गुण तुमच्या हळदीच्या फोटोत कुठे दिसणार, ते मात्र कुणी सांगत नाही.

मेगापिक्सेलचंही तसंच. आर५०चे २४.२ म्हणजे ६०००×४००० आणि झेड३०चे २०.९ म्हणजे ५५६८×३७१२. रुंदीत फरक ४३२ पिक्सेलचा. लग्नाच्या करिझ्मा अल्बमचं १२×१८ इंचाचं पान ३०० डीपीआयला छापायला ५४००×३६०० लागतात. दोन्हींत भागतं. विषय संपला.

"व्ह्यूफाइंडर आता कोण बघतं?"

हे वाक्य मी ज्याच्या तोंडून ऐकतो, त्याला उन्हाळ्यात सकाळी अकरा वाजता गोदाघाटावर उभं करावंसं वाटतं.

आमच्या ओळखीत एक निवृत्त सर आहेत. निवृत्तीच्या पैशातून पक्ष्यांचे फोटो काढायचे म्हणून कॅमेरा घ्यायचा ठरला. दोन पर्याय होते. एकाला व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) होता, दुसऱ्याला नव्हता, पण दुसरा थोडा स्वस्त होता आणि त्याच्यासोबत केसाळ टोपी घातलेला छोटा माइक फुकट मिळत होता. पुतण्याने निकाल दिला, "काका, हे घ्या, आता सगळे स्क्रीनवरच बघतात." पुतण्या रील बनवतो, त्याच्यापुरतं ते खरंच आहे. झेड३० आणि झेडव्ही-ई१० दोन्हींना व्ह्यूफाइंडर नाही, कारण ते मुळात व्हिडिओ करणाऱ्यांसाठी काढलेले आहेत. पक्ष्यांच्या मागे फिरणारा माणूस कंपनीच्या डोळ्यांसमोरच नव्हता.

हिवाळ्यात सरांबरोबर नांदूर मध्यमेश्वरला गेलो. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरची ही पाणथळ जागा २०२०मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत आली, महाराष्ट्रातली पहिली. तेव्हापासून चापडगावच्या पक्षी बघायच्या मनोऱ्यांवर कॅमेरेवाल्यांची गर्दी असते. सकाळी धुकं होतं तोवर सरांचं बरं चाललं होतं. ऊन वर आलं तसा स्क्रीन आरसा झाला. डोक्यावरची टोपी काढून स्क्रीनवर धरली, तर लेन्स धरायला हात उरेना. समोर जांभळी पाणकोंबडी आरामात चरत होती आणि सर म्हणत होते, "अहो, ती आहे कुठे यात?" टेलीलेन्स लावलेला कॅमेरा हात लांब करून धरला की फ्रेम डुलत राहते. डोळ्याला लावला की कपाळ आणि दोन हात असा तीन ठिकाणी आधार मिळतो. एवढ्या जवळिकीला हा आधार फोटोचा निकाल लावतो. दिवसाअखेर त्यांच्या कार्डात बाभळीच्या फांद्या भरपूर होत्या.

सरांनी पुढे एक जुना, व्ह्यूफाइंडरवाला कॅमेरा घेतला. आधीच्या कॅमेऱ्यावर आता नातवाचे व्हिडिओ निघतात आणि ते फार सुंदर येतात.

पक्ष्यांसाठीच घ्यायचा असेल तर आणखी एक गोष्ट बघा. आर५० पक्षी ओळखून फोकस धरतो. झेड३०चं प्राण्यांचं फोकस कुत्र्या-मांजरांपुरतं आहे. माहितीपत्रकात दोन्हीकडे "ॲनिमल डिटेक्शन" असंच लिहिलेलं असतं आणि घाईत वाचणारा त्यावर पुढे जातो. कॅमेरा गळ्यात अडकवून दुकानाच्या दारात, उन्हात, पाच मिनिटं उभे राहा. ओळखपत्र ठेवून घेऊन बहुतेक दुकानदार एवढी परवानगी देतात. जो देत नाही त्याच्याकडे मी घेत नाही.

बाकीच्या चुका, थोडक्यात

फ्लॅश आणि ट्रिगर घरात असतील तर ते घेऊनच दुकानात जा. आर५०च्या नव्या शूवर (फ्लॅश बसवायच्या खाचेवर) जुना फ्लॅश थेट चालत नाही, एडी-ई१ नावाचं अडॅप्टर लागतं. त्याची किंमत धरूनच तुलना करा. पॉप-अप फ्लॅश आर५०ला आहे, झेड३० आणि झेडव्ही-ई१०ला नाही.

जुन्या लेन्स चालतील का, हा प्रश्न अर्धवट विचारू नका. चालतील का आणि ऑटोफोकस होईल का, असं विचारा. कॅननच्या ईएफ, ईएफ-एस लेन्स अडॅप्टरवर व्यवस्थित फोकस करतात. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर एएफ-एस आणि एएफ-पी लेन्स फोकस करतात. बॉडीतल्या मोटरवर फिरणाऱ्या जुन्या एएफ-डी लेन्सना मात्र हातानेच फिरवावं लागतं, आणि नाशिकच्या निम्म्या फोटोग्राफरांकडे असलेली ५० एमएम १.८डी त्यातलीच.

"लॉन्सवर रात्री कुठला चांगला?" किट लेन्सवर कुठलाच नाही. एफ/६.३च्या जागी एफ/१.८ची लेन्स लावली की बारापट प्रकाश मिळतो. दोन बॉडींमध्ये एवढा फरक तुम्हाला जन्मात सापडणार नाही. म्हणून माझ्याकडे येणाऱ्याला मी आधी दुसरी लेन्स निवडायला लावतो, मग बॉडी. लोकांना हे उलटं वाटतं, आणि अर्धे तिथेच फोन ठेवतात.

जुने व्हिडिओ बघून ठरवू नका. "कॅननला बाहेरच्या कंपन्यांच्या लेन्सच नाहीत" हे २०२४च्या आधीचं रडगाणं आहे. सिग्माच्या एपीएस-सी (या तिन्हींतल्यासारख्या लहान सेन्सरच्या) लेन्स आता कॅननच्या आरएफ माउंटमध्येही मिळतात. तरी निवड सर्वांत मोठी सोनीकडेच आहे, हे मान्य.

स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवायची सोय, बॉडीत आहे असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. या तिन्हींच्या बॉडीत ते नाही. व्हिडिओत जे चालतं ते फ्रेम कापून चालतं.

व्हिडिओ करणाऱ्यांनी हेडफोनचा जॅक बघावा. झेडव्ही-ई१०ला आहे, आर५० आणि झेड३०ला नाही. कीर्तन दोन तास रेकॉर्ड करून घरी आल्यावर नुसती खरखर ऐकलेला माणूस हा मुद्दा विसरत नाही.

सायलेंट शटरवर हॉलमधल्या एलईडीखाली पट्टे आले म्हणून कॅमेरा परत करायला निघू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. सायलेंट बंद करा आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवा.

कार्ड व्ही३० (ही वेगाची खूण कार्डावरच असते) घ्या. त्याहून महाग नको, आणि फुटपाथवरचं तर नकोच.

रंगपंचमीला रहाडीजवळ (नाशिकच्या रंगाने भरलेल्या जुन्या हौदाजवळ) या किमतीच्या कुठल्याही बॉडीवर पाण्याचा भरवसा ठेवू नका. गुलाल उडत असताना लेन्स तर बदलूच नका. मिररलेसमध्ये सेन्सरसमोर आरसा नसतो, गुलाल थेट आत जाऊन बसतो. कुठली लेन्स लावायची ते घरूनच ठरवून निघा.

आणि बिल. "बिल नको असेल तर कमी करून देतो" असं ऐकलं की पिशवी उचला आणि चालू लागा. १८ टक्के जीएसटी वाचवायच्या नादात वॉरंटी जाते. बिलावरचा, खोक्यावरचा आणि बॉडीच्या तळाचा सिरियल नंबर तिथेच, काउंटर न सोडता, अंक न् अंक जुळवा. मागे रांग लागली असली तरी.