हॉटेलच्या टेबलांचे पाय कसे निवडावेत

सांगली-मिरजेकडे नवं हॉटेल काढणारा माणूस टेबलाच्या टॉपसाठी सनमायकाचे ढीगभर नमुने चाळतो. पायांचं मात्र ‘तुम्ही बघा तुमच्या हिशोबानं’ म्हणत फॅब्रिकेशनवाल्यावर सोडून देतो. पुढे टेबल डुगडुगलं, मिसळीचा कट गिऱ्हाइकाच्या मांडीवर सांडला, की बोलणी वेटरला. टॉप खराब झाला तर चार स्क्रू काढून बदलता येतो. पाय चुकले तर सगळं टेबलच चुकतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी फरशी, मग पाय, शेवटी टॉप.

फरशी तपासा

हॉल रिकामा असतानाच गवंड्याची पाणसळ घेऊन फिरा. धुण्याचं पाणी वाहून जावं म्हणून फरशीला ढाळ दिलेला असतो, आणि जुन्या शहाबादीला तर सांध्यासांध्याला उंचसखलपणा. अशा जमिनीवर चार पायांचं कुठलंही ताठ टेबल तीन पायांवरच उभं राहतं. त्यावर पुठ्ठ्याची घडी हा उपाय नव्हे. ती दुपारपर्यंत भिजते आणि संध्याकाळी झाडूबरोबर जाते. प्रत्येक टोकाला फिरवून कमी-जास्त करता येणारे स्क्रूचे पाय, म्हणजे लेव्हलर, हवेतच. ते नसलेला बेस, म्हणजे टॉपखालचा पायांचा सांगाडा, कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

टेबल जमिनीत बोल्टनं ठोकून टाकायचं अनेकांना सोपं वाटतं. महामार्गावरच्या उघड्या ढाब्याला ते चालून जातं. वरच्या मजल्यावर मात्र भोकं पाडली की वॉटरप्रूफिंग गेलं, आणि टेबल हलवायची सोयही गेली.

कोण बसणार आणि टेबलं जोडणार का

दोघांच्या आणि चौघांच्या टेबलाला मधोमध एकच खांब आणि खाली पसरट बैठक असलेला बेस उत्तम. गुडघे कशाला अडत नाहीत, खुर्ची कुठूनही सरकवता येते, खाली फडकं मारणंही सोपं. आपल्याकडे रविवारी आजी-आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत अख्खं घर जेवायला येतं आणि ‘दोन टेबलं जोडा’ ही पहिली मागणी असते. चार पायांची टेबलं जोडली की सांध्यावर बसणाऱ्याच्या दोन्ही गुडघ्यांमध्ये लोखंड येतं. मधल्या खांबाच्या टेबलांना ही अडचण नाही.

चार फूट बाय अडीच फूट किंवा त्याहून लांब टेबलाला मात्र एक खांब पुरत नाही. तिथे इंग्रजी टी उलटा धरल्यासारखे दोन बेस लावतात, टोकापासून वीतभर आत. भिंतीकडच्या सोफा-बैठकीलाही हेच बरे.

चार पायांचं टेबल टाकाऊ नाही. जिथे ते एकदा मांडलं की हलत नाही आणि माणसं दाटीनं बसतात, तिथे त्याच्याइतकं निर्धास्त काही नाही.

मापाचं गणित

जमिनीपासून टॉपच्या वरच्या कडेपर्यंत 29 ते 30 इंच. खुर्चीची बैठक साधारण 18 इंच धरली तर मध्ये 11-12 इंच राहतात आणि मांडी सुखानं मावते. बेस मागवताना यातून टॉपची जाडी वजा करायला विसरू नका, नाहीतर 30 इंचाच्या बेसवर टॉप चढला की जेवणाऱ्याचे खांदे वर येतात.

आता बेसच्या बैठकीचा पसारा. अडीच फुटी, म्हणजे 30 इंची चौकोनी टॉप घ्या. 18 मिलिमीटर प्लायचा हा टॉप सुमारे 7 किलोचा, बेस 12 किलोचा धरू, एकूण 19. बैठक 22 इंची चौकोनी असेल तर टॉप प्रत्येक बाजूला 4 इंच बाहेर येतो, आणि कडेवर साधारण 52 किलोचा भार पडेपर्यंत टेबल कलंडत नाही. तीच बैठक 16 इंची घेतली तर टॉप 7 इंच बाहेर आणि 22 किलोलाच टेबल उलटतं. गुडघे दुखणारे आजोबा टेबलाच्या कडेवर दोन्ही हात रेटून उठतात तेव्हा 22 किलो सहज पडतात. बैठकीवर वाचवलेले पैसे असे अंगाशी येतात.

दोन फुटी टॉपला 17-18 इंच, अडीच फुटीला 22 ते 24, तीन फुटीला 30 इंच, हे ठोकताळे लक्षात ठेवले तरी पुरे. ग्रॅनाइट घालणार असाल तर आधी वजन काढा: 18 मिलिमीटर जाडीचा अडीच फुटी चौकोन 28 किलोच्या आसपास भरतो. त्याला बारीक पाइपचा खांब देऊ नये; टेबल कलंडलं नाही तरी हेलकावे खातं.

धातू कोणता

माझा कौल बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला. ओतीव बैठक जड असते, वजन अगदी तळाशी राहतं आणि टेबल जागचं हलत नाही. किर्लोस्करवाडीला 1910 साली नांगरांचा कारखाना उभा राहिला तो याच जिल्ह्यात, आणि कोल्हापूरच्या फाउंड्र्या आजही हाकेच्या अंतरावर आहेत. बिडासाठी लांब जायची गरज नाही. एकच जपायचं: बीड ठिसूळ असतं. टेम्पोतून आदळलं तर तडकतं आणि साध्या वेल्डिंगनं धड जुळत नाही.

एमएस, म्हणजे माइल्ड स्टीलच्या पाइपचे पाय स्वस्त पडतात आणि कुपवाडच्या एमआयडीसीत हवे तसे बनवून मिळतात. पण रोज फरशी धुतल्यावर पाणी रबरी टोपीत साठतं आणि पाइप खालून, आतून कुजतो. पाइपची तोंडं वेल्डिंगनं बंद करून घ्या, रंगाआधी रेड ऑक्साइडचा गंजरोधक हात द्या किंवा थेट पावडर कोटिंग करा, आणि फरशी ॲसिडनं घासणाऱ्याला पायांपासून लांब ठेवा.

स्टील घेणार असाल तर 304 ग्रेड बिलावर लिहून घ्या. 202 दिसायला तसंच, पण लवकर गंजतं. लोहचुंबक लावून या दोघांतला फरक कळत नाही. त्यासाठी थेंब टाकून तपासायचं द्रावण मिळतं.

सांगलीकरांना आणखी एक गोष्ट बघावी लागते. 2005, 2019, 2021, कृष्णा गावात शिरली. आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 ला धोका. मारुती चौकाच्या बाजूला हॉटेल असेल तर वेल्डिंगनं एकसंध केलेली टेबलं जिन्यातून वर नेणं अवघड. टॉप, खांब आणि बैठक एकाच मापाच्या पान्यानं सुटी होतील असेच बेस घ्या. ते एकावर एक रचून माळ्यावर जातात. पोकळ पाइपमध्ये एकदा पुराचा गाळ गेला की तो निघत नाही.

ऑर्डर देण्याआधी

एकच नमुना मागवा आणि तुमच्याच फरशीवर, तुमच्याच टॉपसकट उभा करा. एका कोपऱ्यावर दोन्ही तळवे टेकून भार द्या. मग चहाचा काठोकाठ भरलेला कप ठेवून टेबलाला बाजूनं धक्का मारा. व्हीलचेअरवरचा माणूस आला तर टॉपखाली निदान 27 इंच मोकळे आहेत का, तेही मोजा.

पटलं तर बाकीची ऑर्डर द्या, आणि सोबत जास्तीचे लेव्हलर मागून घ्या. ते हरवतातच, आणि मग त्याच आट्याचे शोधत बाजारभर फिरावं लागतं.